ज्या शेवटापुढे मी ताठ बसले

माइझुरु, १४ नोव्हेंबर

तात्सुरो,

पत्राची सुरुवात ऋतूच्या उल्लेखाने करावी असं आईने शिकवलं होतं. तर, पाऊस पडतोय. झाला ऋतू.

मी चिझुरु, तुझी बहीण. बाबांच्या एकोणपन्नासाव्या दिवसाच्या विधीनंतर आपण बोललेलो नाही, तेव्हा ओळख करून दिलेली बरी. त्या दिवशी तू म्हणालास, दुकान विकून टाकू, इथे गाड्या उभ्या करायला जागा केली तर पुस्तकांपेक्षा बरं चालेल. आणि त्याच दमात म्हणालास की तुझी पहिली कादंबरी येतेय, लाइट नॉव्हेल, शाळा-कॉलेजातली पोरं वाचतात तसली. मी म्हणाले, पाठव, संडासाशेजारच्या फळीवर जागा आहे. मग तू बूट घातलेस. तुझ्या बुटाची नाडी नेहमीसारखीच तुटली आणि तू ती हातात घेऊन तसाच स्टेशनवर गेलास.

सहा वर्षं झाली. दुकान उभं आहे आणि तुझी पुस्तकं दारासमोरच्या टेबलावर आहेत. म्हणजे दोघांचंही म्हणणं वाया गेलं.

हे पत्र समेटाचं नाही, तक्रारीचं आहे. तक्रार तुझ्याबद्दल नाही. नीट वाच.

मी पुस्तकांच्या गठ्ठ्यावर हाताने लिहिलेली चिठ्ठी खोचते, हे तुला माहीत आहे. देशातलं प्रत्येक दुकान खोचतं. 'अश्रू थांबत नाहीत!' असं लिहून लोक महिनाभर एकाच चिठ्ठीवर दहा पुस्तकं विकतात. आपल्या दुकानात बाबांचा नियम आहे: वाचल्याशिवाय चिठ्ठी नाही, आणि वाचल्यावर खोटी नाही. खेकड्यांच्या पाककृतींवर मी लिहिलं होतं, 'खेकडा उत्तम. लेखक जरा कच्चा राहिलाय.' तेही खपलं. लोक माझ्या आवडीवर पुस्तक घेत नाहीत, माझ्या शब्दावर घेतात.

'घंटा घरी नेताना'चा पहिला भाग आला तेव्हा मी तो चुका काढायला म्हणून वाचला. चिठ्ठी लिहिली. प्रकाशनाच्या विक्रीखात्याच्या कुवाबाराने ती बघितली, फोटो काढला आणि दुसऱ्या छपाईला माझी ओळ पुस्तकाभोवती गुंडाळायच्या कागदी कमरपट्ट्यावर आली, खाली माझं नाव आणि दुकानाचं. तेव्हापासून तुझ्या प्रत्येक भागाच्या कमरेला मी आहे. 'नागी रोकुया' या टोपणनावाखाली माझा भाऊ बसलाय हे कुवाबाराला माहीत नाही, गिऱ्हाइकांना नाही, कुणालाच नाही. तू सांगितलं नाहीस, मीही नाही.

बाराव्या, शेवटच्या भागाची प्रुफं ऑगस्टमध्ये आली. राजाच्या सैन्याने तोफा ओतायला गावोगावच्या घंटा उतरवून नेल्या होत्या. त्यातल्या न वितळलेल्या परत पोचवत फिरणारे ते दोघं, जुना तोफवाला योर्ग आणि ओतारणीची मुलगी एल्मा, बैलगाडीतून शेवटच्या गावात पोचतात. गावात कुणी नाही. एल्मा विचारते, "वाजवणारंच कुणी नाही तर टांगायची कशाला?" योर्ग म्हणतो, "उतरवताना कुणी विचारलं होतं, ऐकणारं कोण आहे म्हणून?" आणि टांगतो. एकदाही वाजवत नाही. गाडी वळते. संपलं.

मी लिहून पाठवलं: 'शेवट वाचून रडणारे खूप भेटतील. मी पाठ ताठ करून बसले.'

आज पुस्तकं आली. पट्ट्यावर माझी ओळ, मोठ्या अक्षरात. आत योर्ग घंटा वाजवतो, सोनेरी उजेड पडतो, काळ उलटा फिरतो, युद्ध झालेलंच नाही. मेलेले सगळे आपापल्या दारात उभे. एल्माचं लग्न. बैलसुद्धा तरुण होतो, तात्सुरो. बैलसुद्धा!

तुझ्याकडून हे कुणी करून घेतलं? संपादकाने? त्यावरून कार्टून मालिका काढणाऱ्यांच्या समितीने? मला फक्त नाव सांग. पुढचं मी बघते.

चिझुरु


माइझुरु, २५ नोव्हेंबर

तात्सुरो,

तुझं उत्तर नाही. समितीने हातसुद्धा बांधलेत की काय?

कुवाबारा येऊन गेला. आपल्याकडे चुकीचा आकार मिठाईच्या खोक्यावरून कळतो. हे खोकं त्याला दोन्ही हातांनी धरावं लागत होतं. काउंटरपाशी तो इतका खाली वाकला की मला फक्त त्याचा भांग दिसत होता.

"मालकीणबाई, पट्टा आधी छापला गेला. पुस्तक नंतर."

"म्हणजे बाळाआधी बारसं."

"शेवट फार उशिरा बदलला. पट्ट्याचं कुणाच्या लक्षातच आलं नाही."

"बदलला, की बदलायला लावला?"

त्याने खोकं माझ्याकडे सरकवलं. "ते मला सांगता येणार नाही."

"मग हे खोकं उचला."

"मालकीणबाई, खोकं तरी राहू द्या. परत नेलं तर वरचे म्हणतील, माफी मागितलीच नाही."

राहू दिलं. लाल चवळीचं योकान होतं, क्योटोचं. चांगलं होतं. रागाचा आणि योकानचा काही संबंध नाही.

मग तो हळूच मुद्द्यावर आला. वसंतात बारा भागांची पेटी काढणार आहेत आणि पेटीवरही माझीच ओळ हवी आहे. म्हणाला, "शेवट पुष्कळांना आवडलाय हो. तुमची ओळ त्यालाही शोभते."

"कुठल्याही शेवटाला शोभते, हेच आता मला कळलंय," मी म्हणाले. "आजवर मला वाटत होतं मी चांगली ओळ लिहिलीय."

तो गेला आणि ओगिसोबाई आल्या. तिसरीला आपल्याला शिकवायच्या त्याच. आता ऐंशीला टेकल्यात, तुझे सगळे भाग घेतात आणि काठी काउंटरवर आडवी ठेवून बोलतात.

"ताठ बसलीस म्हणे."

"बाई..."

"मी आडवी झाले. अगं, मला वाटलं डोळ्याच्या डॉक्टरने नंबर चुकवला."

मी हसले. त्या हसल्या नाहीत.

"बोट लागली की माझी आई धक्क्यावर जायची, मला पाठीशी बांधून. युद्धकैदेतून सुटलेली माणसं सायबेरियातून येऊन उतरायची, ही एकेकाचं तोंड बघायची. बोटी बंद झाल्या तरी जायची. या लेखकाने पहिल्या भागापासून ते अगदी बरोबर लिहिलं. मला वाटायचं, कुणीतरी आपल्याच बंदरावरचं पोर असणार. आणि शेवटी काय, सोनेरी उजेड? आमच्या धक्क्यावर का नाही पडला म्हणावं? विचार त्याला."

"मी त्याला कुठून विचारणार?"

"का? त्याच्या कमरेला तुझंच नाव आहे ना?"

एवढं बोलून काठी घेऊन गेल्या. पुस्तक परत केलं नाही. परत केलं असतं तर बरं वाटलं असतं.

मी सगळ्या प्रतींचे पट्टे उतरवले. दुपारी कॉलेजची एक मुलगी आली, प्रत उलटसुलट करून म्हणाली, "याला पट्टा नाही. खराब माल आहे का?"

"पट्टाच खराब होता."

"मग तो द्या ना. माझ्याकडे अकराही भागांचे आहेत."

दिला. काय करणार? पट्ट्याशिवायचं पुस्तक म्हणजे या देशात बटण तुटलेला शर्ट. संध्याकाळपर्यंत सगळे पट्टे परत चढवले. माझं नाव, माझी ओळ, दुसऱ्याच शेवटाभोवती गुंडाळलेली. दारातून आत येणारा प्रत्येक माणूस आधी तीच वाचतो.

आयुष्यात मी बाकी काही मिळवलेलं नाही, तात्सुरो. लग्न टिकलं नाही, दुकानाचं छत टिकत नाही. पण 'हामामुरा ग्रंथभांडाराची चिठ्ठी आहे म्हणजे खरं असणार', एवढं या गावात टिकलंय. तेच आता तुझ्या त्या लोकांनी घेतलं. नाव पाठव.

चिझुरु


माइझुरु, ९ डिसेंबर

तात्सुरो,

काल तू फोन केलास तेव्हा दुकानात गिऱ्हाईक होतं, म्हणून मला नीट बोलता आलं नाही. हे खोटं आहे. कुणी नव्हतं. पावसाने रस्त्यावर मांजरसुद्धा नव्हतं.

तुझा आवाज बाबांसारखा झालाय. मी म्हणाले, "हामामुरा ग्रंथभांडार," आणि तू म्हणालास, "ताई, मी."

"कुठला मी?"

"संडासाशेजारच्या फळीवरचा."

तेव्हा मी खुर्ची ओढून बसले. तुला ऐकू आलं असेल.

"त्या माणसाचं नाव सांग," मी म्हणाले.

"हामामुरा तात्सुरो."

"चेष्टा नकोय मला."

"चेष्टा नाही. संपादक नको नको म्हणत होता. भांडला माझ्याशी, पहिलाच शेवट ठेव म्हणून. कार्टूनवाल्यांना तर पत्ताच नव्हता. मीच बदलला, ताई. कुणीही सांगितलं नव्हतं."

"का?"

 यावर तू म्हणालास ते मला पाठ झालंय. "प्रुफं तपासत होतो. योर्गने घंटा टांगली. मला वाटलं, बरोबर आहे. आणि बरोबर असण्याचा इतका वीट आला. अकरा भाग त्या माणसाला मी दारोदार फिरवलं, आणि प्रत्येक दारात कुणीतरी कमी. बाबा गेले तेव्हा लिहीत बसलो होतो तो उठलोच नाही. वाटलं, एकदा तरी दार उघडावं आणि आत सगळे असावेत."

"सगळे?"

"बैलसुद्धा."

मी फोन ठेवला. तू समजलास तसा रागाने नाही.

आता जे बोलायचं होतं ते ऐक. चौथ्या भागातली हान्ना तुला आठवते? नवरा मेल्यावर गिरणीच्या दारात बसून राहिलेली. मग एक दिवस ती उठते, जात्याचा दगड स्वतः छिन्नीने टाकवायला शिकते, बोटं सोलून घेते, आणि भागाच्या शेवटी गावाला पहिलं पीठ देते तेव्हा म्हणते, "जरा जाडंच झालंय. खा." मी ते पान तीनदा वाचलं आणि दुकान उघडायला उशीर केला. आता तुझ्या सोनेरी उजेडात तिचा नवरा परत आला. छान. पण मग ती दगड टाकवायला शिकलीच नाही. तिची बोटं पुन्हा मऊ. तू तिला नवरा दिलास आणि तिच्याकडून तीच काढून घेतलीस. असं तू अकरा भागांतल्या प्रत्येकाचं केलंस. मेलेल्यांवर दया करताना जिवंतांना लुटलंस. याला मी कितीही गोड बोलले तरी वाईट शेवटच म्हणेन.

हे झालं पुस्तकाचं. आता दुसरं.

तीन आठवडे मी एका संपादकाला शिव्या घालत होते, आणि तो बिचारा माझ्याच बाजूने लढत होता. मी तुला दुबळा समजले. आमचा तात्सु, लोकांनी दाबला असेल. आणि तू? सगळे हात जोडत असताना, मालिका तोंडावर आलेली असताना, एकटा उभा राहून तू आपल्या मनाने पुस्तक बिघडवलंस. वाचून मान खाली गेली होती, फोन ठेवल्यावर वर आली. दुसऱ्याच्या सांगण्यावरून चांगलं लिहिणारे शंभर आहेत. चूक तरी तुझी आहे, भाड्याची नाही. असा भाऊ मला चालतो. शेवट चालत नाही.

आणि तिसरं. मला माझी ओळ परत हवी आहे. पेटीवर ती जाणार नाही, कुवाबाराला सांगून झालं. तो म्हणाला, गुपचूप काढून टाकू, कुणाला कळणारही नाही. पण हजारो प्रती माझ्या नावाने बाहेर गेल्यात. मी त्या उघडपणे नाकारणार, माझ्या दारात, माझ्या अक्षरात. आणि नाकारताना अर्धंच सांगितलं तर तोही एक पट्टाच झाला. 'लेखक माझा सख्खा भाऊ आहे' हे सांगितल्याशिवाय ती चिठ्ठी खरी होत नाही.

सांगितलं तर लोक म्हणतील, म्हणूनच अकरा भाग वाखाणले. तीस वर्षांच्या चिठ्ठ्यांवर ते प्रश्नचिन्ह लावतील. ते माझं मी बघेन. पण नागी रोकुया कोण हे गाव ओळखेल, मग सगळेच ओळखतील. ते नाव तुझं आहे. तू नको म्हणालास तर मी एक अक्षर लिहिणार नाही, आणि दुकानात चिठ्ठ्या लिहिणंही बंद करेन. हे धमकी म्हणून सांगत नाही. खोटी एक टेबलावर असताना दुसरी खरी लिहिता येत नाही, इतकंच.

सवडीने कळव.

चिझुरु

ता.क. इकडे येणार असशील तर छत्री आण, हे आता सांगायला हवं का?


माइझुरु, १९ जानेवारी

तात्सु,

तुझं नववर्षाचं कार्ड वेळेवर मिळालं. त्यावरचा, यंदाच्या वर्षाचा साप हसरा होता. त्याच्याखाली दोनच ओळी: 'लिही, नावासकट. शेवट मी बदलणार नाही.' बाबांना दाखवलं. देव्हाऱ्यातल्या त्यांच्या फोटोसमोर ठेवलं म्हणजे दाखवलंच.

चिठ्ठी लावली. मजकूर तुला कुणीतरी फोटो काढून पाठवलाच असेल, पण लोक कोपरे कापतात, म्हणून पूर्ण देते.

'पट्ट्यावरची ओळ माझी आहे, पण ती या शेवटाची नाही. छपाईआधी मी दुसरा शेवट वाचला होता आणि त्यापुढे ताठ बसले होते. हा शेवट मला पटलेला नाही. मेलेल्यांना परत आणताना, जे जगले त्यांनी कमावलेलं सगळं त्यांच्या हातून गेलं. लेखक माझा सख्खा धाकटा भाऊ आहे. हे मी आजवर सांगितलं नव्हतं, तेव्हा माझ्या आधीच्या चिठ्ठ्या किती मानायच्या ते तुम्ही ठरवा. मी त्यातला एकही शब्द मागे घेत नाही. युद्धावरून परतलेल्या माणसाचं पाऊल स्वतःच्या उंबऱ्यावर कसं अडतं, हे याच्याइतकं खरं लिहिणारं दुसरं कुणी मला माहीत नाही. अकरा भाग वाचा. बारावाही वाचा, आणि माझ्याशी भांडायला या.'

जागा पुरेना म्हणून दोन चिठ्ठ्या चिकटवल्या. बाबा म्हणाले असते, चिठ्ठी आहे की मृत्युपत्र?

पहिल्याच आठवड्यात तिचा फोटो सगळीकडे फिरला. एकाने लिहिलं, 'बहीणच ती, वाखाणणारच.' दुसऱ्याने लिहिलं, 'बहीण असून चारचौघांत असं लिहिते, घरी काय करत असेल!' आता दोघांपैकी एकच खरा असू शकतो, ते त्यांनी आपापसात ठरवावं. रोज एकदोन माणसं नुसती चिठ्ठी बघायला येतात, बघतात, माझ्याकडे बघतात आणि काही न घेता जातात. पूर्वी माझी चिठ्ठी वाचून पुस्तक उचलायचे, आता आधी आतली दोन पानं चाळून बघतात. सांगायला हरकत नाही, ते मला लागतं.

कुवाबारा आला, या वेळी हात हलवत. नव्या छपाईच्या पट्ट्यावर माझी ओळ नसेल. आणि यापुढे त्यांच्याकडून मला प्रुफं येणार नाहीत. हे सांगताना तो पुन्हा वाकला.

"वाईट वाटून घेऊ नका," मी म्हणाले. "विकत घेऊन वाचेन. विकत घेतलेल्या पुस्तकाचा शेवट बदलत नाही."

जाताना त्याने तुझा पहिला भाग विकत घेतला. त्याच्याच प्रकाशनाचा, स्वतःच्या खिशातून. म्हणाला, आपण तो विकला खूप, वाचला नव्हता.

एक नौदलातला पोरगा भांडायला आला, गणवेशातच. बोटीवर बारावा भाग संपवला होता. "बाई, तुम्ही घरी बसून वाचता. आम्हाला हाच शेवट पाहिजे." मी हान्नाचं सांगितलं, गिरणीचं सांगितलं. तो म्हणाला, "शिकली नाही तर नाही शिकली. नवरा आला ना?" मी तासभर त्याच्याशी वाद घातला. तो हटला नाही, मीही हटले नाही. तुला खूश करायला हे सांगत नाहीये, पण सांगितलं नाही तर चिठ्ठी खोटी होईल.

ओगिसोबाईंनी चिठ्ठी उभ्याने वाचली. चष्मा पुसून पुन्हा वाचली.

"भाऊ?"

"हो."

"आधी का नाही बोललीस?"

"तुम्ही पुस्तक घेतलं नसतं."

"नसतंच घेतलं," त्या म्हणाल्या, "आणि मुकले असते." मग काठी काउंटरवर आडवी ठेवली. मला वाटलं आता माझ्या चिठ्ठ्यांबद्दल काहीतरी येणार. आलं ते भलतंच. "तिसरीतही तो असंच करायचा. सहलीच्या निबंधात हरवलेला कुत्रा शेवटच्या ओळीत घरी यायचा."

"आमच्याकडे कुत्रा नव्हता, बाई."

"ते मला माहीत होतं. मी तरी पूर्ण गुण दिले. चूक माझीच." आणि काठी उचलून निघताना म्हणाल्या, "या वेळी नाही देणार. पण ये म्हणावं त्याला. तोंड बघायचंय. किती दिवस कुणाच्या तोंडाची वाट बघायची माणसाने?"

हे असं आहे. माझ्या शब्दाची किंमत या गावात थोडी उतरली आणि तुझ्या नावाला गाव मिळालं. मला ही अदलाबदल मान्य आहे. रोज सकाळी शटर उघडते तेव्हा आधी ती चिठ्ठी दिसते. मला तिची लाज वाटत नाही, आणि त्याच टेबलावर बारा भाग ओळीने लावलेले दिसतात त्यांचीही नाही. बारावाही त्यातच आहे. तो मागे ठेव असं दोघातिघांनी सुचवलं. मी म्हटलं, आमच्या घरातलं आहे, पुढेच राहील.

तुला चिठ्ठी पटणार नाही हे मला ठाऊक आहे. तेव्हा फाड. पण मी ती उतरवून पोस्टाने पाठवणार नाही, आणि दुसऱ्या कुणाला हात लावू देणार नाही. फाडायची तर इथे येऊन, माझ्यासमोर, आणि ओगिसोबाई काउंटरला टेकून बघत असताना.

दुकान दहाला उघडतं.

तुझी ताई